जुनी आज्ञावली आणि तिचे वाचक : व्यवहारी संगणकप्रणालींच्या स्थित्यंतराचा विचार

एखाद्या बँकेचा, करखात्याचा किंवा रेल्वेचा दैनंदिन व्यवहार ज्या आज्ञावलीवर चालतो ती जुनी झाली म्हणजे तिचे काय करावे, हा प्रश्न सामान्यतः यंत्रतज्ज्ञांचा आणि जमाखर्च पाहणाऱ्यांचा समजला जातो. यंत्र किती जुने आहे, त्याचे सुटे भाग मिळतात की नाही, नवे घेण्यास किती खर्च येईल, एवढ्याच बाजूंनी त्याचा विचार होतो. १९५९ पासूनचा या प्रश्नाचा इतिहास मात्र निराळी गोष्ट सांगतो. व्यवहारी आज्ञावली हा एक लेख असतो. संस्थेचे नियम, त्या नियमांचे अपवाद, अपवादांनाही वेळोवेळी घातलेली मुरड, हे सारे त्यात नोंदलेले असते. आणि पुष्कळदा ते अन्यत्र कोठेही नोंदलेले नसते. त्यामुळे जुनी आज्ञावली ठेवावी, तिचे भाषांतर करावे की ती टाकून नवी लिहावी, या निर्णयाचे यशापयश यंत्राच्या वयावर फारसे अवलंबून राहिलेले दिसत नाही. तो लेख वाचू शकणारी माणसे संस्थेत उरली आहेत की नाहीत, यावर ते अधिक अवलंबून राहिले आहे.

१९५९ च्या मे महिन्यात २८ व २९ या तारखांस अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन या मुख्य कचेरीत एक बैठक भरली. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची आज्ञाभाषा वेगळी असे आणि यंत्र बदलले की त्यावर लिहिलेले सर्व काही पुन्हा लिहावे लागे. संरक्षण खात्यापाशी नाना कंपन्यांची यंत्रे असल्यामुळे ही झळ त्यास विशेष लागत होती. बैठकीतून जी समिती निर्माण झाली तिचे नावच मुळी 'अल्पकालीन समिती' असे होते. तिने तात्पुरती सोय म्हणून एक सामाईक भाषा सुचवावी व टिकाऊ भाषेचा विचार पुढे सावकाश व्हावा, अशी कल्पना होती. ती टिकाऊ भाषा काही आली नाही. तात्पुरती म्हणून जन्मलेली कोबोल हीच टिकली, आणि आज जिला 'जुनाट' म्हणून नावे ठेवली जातात ती हीच होय.

कोबोलची घडण भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचे वळण तिने उचलले. गणिती चिन्हांऐवजी इंग्रजी क्रियापदे आणि पूर्ण वाक्ये तिने पत्करली, ती हिशेबखात्यातील माणसाला आज्ञावली वाचता यावी या आशेने. तिच्या लेखाचे चार विभाग असत, आणि त्यांपैकी 'एन्व्हायरन्मेंट' या विभागात विशिष्ट यंत्राशी बांधलेल्या गोष्टी वेगळ्या काढून ठेवल्या जात. यंत्र बदलले तर शक्यतो तेवढाच विभाग बदलावा, बाकीचा मजकूर जसाच्या तसा चालावा, असा हेतू त्यामागे होता. आज्ञावली यंत्रापेक्षा अधिक जगणार, ही गोष्ट कोबोलच्या कर्त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती असे म्हणावे लागते. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच कोबोल आज्ञावली आरसीए आणि युनिव्हॅक या दोन भिन्न कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. त्या काळी हा लहानसा चमत्कारच होता.

परंतु भाषा सामाईक झाली म्हणून लेखक संपले नाहीत, आणि आधी लिहिलेले लेखही नाहीसे झाले नाहीत. आयबीएम कंपनीचे १४०१ हे यंत्र १९५९ मध्ये आले व दहा हजारांहून अधिक ठिकाणी बसविले गेले. विमा कंपन्या, कारखाने, सरकारी कचेऱ्या यांची पगारपत्रके व खतावण्या त्याच्या खास आज्ञांत लिहिल्या गेल्या. डिसेंबर १९६३ मध्ये हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने आपले २०० क्रमांकाचे यंत्र जाहीर केले आणि त्यासोबत 'लिबरेटर' नावाची एक आज्ञावलीही देऊ केली. १४०१ वरील मजकूर नव्या यंत्राच्या भाषेत आणून देणे हे तिचे काम. लिबरेटर म्हणजे मुक्तिदाता. कोणाच्या तावडीतून मुक्ती हे ग्राहकांना सांगावे लागले नसेल.

आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये ३६० ही नवी मालिका जाहीर केली, ती अंतर्रचनेने १४०१ हून सर्वस्वी भिन्न होती. जुन्या ग्राहकांना 'सर्व पुन्हा लिहा' असे सांगणे म्हणजे त्यांना हनीवेलच्या दारात नेऊन सोडणेच झाले असते. म्हणून मालिकेतील ३० क्रमांकाच्या लहान यंत्रात १४०१ चे सोंग घेण्याची सोय सूक्ष्म आज्ञांच्या रूपाने घालण्यात आली. जुनी आज्ञावली अक्षरशः होती तशी नव्या यंत्रावर चालू लागली. आपण निराळ्या यंत्रावर आहोत हे तिच्या गावीही नव्हते. या दोन तोडग्यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्यात मजकूर बदलतो व यंत्र आहे तसे राहते. दुसऱ्यात यंत्र वेष बदलते व मजकूर कायम राहतो. दोहोंतही मजकूर कोणी वाचण्याची गरज पडत नाही. सोय म्हणून ही गोष्ट उत्तम होती, पण तिचा एक परिणाम दीर्घकाळ राहिला. १४०१ ची कामे त्या यंत्राचे उत्पादन बंद पडल्यावरही वर्षानुवर्षे सोंगाच्या आधाराने चालत राहिली, आणि ती लिहिणारे मात्र एकेक करून निवृत्त झाले.

भाषांतराच्या या धंद्यात मुंबईचा प्रवेश फार लवकर झाला, हे येथे नोंदविले पाहिजे. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेने १९७४ मध्ये अमेरिकेतील बरोज कंपनीसाठी पहिले परदेशी काम केले. रुग्णालयाच्या व्यवहाराची एक आज्ञावली बरोजच्या मध्यम यंत्रमालिकेच्या कोबोलमधून त्याच कंपनीच्या लहान यंत्रमालिकेच्या कोबोलमध्ये आणावयाची होती. दोन्ही बाजूंना कोबोलच. तरीही भाषांतर आवश्यक होते. एकाच भाषेच्या दोन बोलींत शब्द तेच असूनही अर्थच्छटा सरकलेल्या असतात, तशीच ही स्थिती होती. गमतीची गोष्ट अशी की काम मुंबईत ज्या यंत्रावर झाले ते आयसीएल १९०३ हे ब्रिटिश यंत्र होते. मूळ बोली ज्या यंत्राची नाही व लक्ष्यबोलीही ज्या यंत्राची नाही, अशा तिसऱ्याच यंत्रावर हे भाषांतर घडले. भारताच्या सॉफ्टवेअर-निर्यातीचा आरंभ नव्या लेखनाने झाला असे समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो जुन्या लेखाच्या वाचनाने झाला.

आज्ञावली 'जुनी होते' म्हणजे नेमके काय होते, याचा शास्त्रीय विचार १९७० नंतर सुरू झाला. लोखंड गंजते तशी आज्ञावली गंजत नाही. तिचे अक्षर न् अक्षर पन्नास वर्षांनीही तेच असते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील मेयर लेहमन यांनी लास्लो बेलाडी यांच्यासह आयबीएमच्या एका मोठ्या प्रणालीच्या वाढीचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये काही नियम मांडले. त्यांतील पहिल्याचा आशय असा की, व्यवहारात वापरली जाणारी प्रणाली सतत बदलत राहिली पाहिजे, नाही तर तिची उपयुक्तता घटत जाते. दुसऱ्याचा आशय असा की, बदलत जाणारी प्रणाली मुद्दाम कष्ट घेतल्याखेरीज अधिकाधिक गुंतागुंतीची होते. जग पुढे सरकते, मजकूर जागच्या जागी राहतो, आणि दोहोंत अंतर पडते. ते अंतर बुजविण्यासाठी ठिगळे लावावी लागतात व ठिगळांनी मजकूर दुर्बोध होतो. भाषेच्या इतिहासाशी परिचय असणाऱ्यास यात नवल वाटू नये. कायद्याची किंवा धर्मविधीची भाषा गोठलेली राहते आणि बोली पुढे जाते, तेव्हा टीकाकारांची पिढी निर्माण होते. मग टीकेवरही टीका लिहिली जाते.

याहून मूलगामी विचार पीटर नाउर या डॅनिश विद्वानाने १९८५ मध्ये मांडला. हे तेच नाउर, ज्यांनी आल्गोल ६० या भाषेचा अहवाल संपादिला आणि ज्यांचे नाव आज्ञाभाषांच्या व्याकरणलेखनाच्या पद्धतीला जोडले गेले आहे. मजकुराचे व्याकरण ज्याने बांधून दिले त्यानेच पुढे असे प्रतिपादिले की आज्ञावली म्हणजे केवळ मजकूर नव्हे. ती लिहिताना लेखकांच्या मनात त्या व्यवहाराची एक उपपत्ती तयार होते. अमुक गोष्ट अशीच का, दुसऱ्या रीतीने का नाही, नवा बदल कोठे बसेल व कोठे बसणार नाही, हे ज्ञान त्या उपपत्तीत असते, आणि ते टिपणांत वा पुस्तिकांत पूर्णपणे उतरत नाही. ती उपपत्ती बाळगणारा गट विखुरला म्हणजे आज्ञावली मृत झाली असे नाउर मानतात, मग ती यंत्रावर बिनचूक चालत का असेना. केवळ मजकुरावरून तिला पुन्हा जिवंत करणे त्यांच्या मते जवळजवळ अशक्य. नव्या गटाने प्रश्न नव्याने सोडवावा हे बरे.

नाउर यांचा हा निष्कर्ष संपूर्णपणे स्वीकारता येईल असे वाटत नाही. महाराष्ट्रातील अभ्यासकाला येथे मोडी कागदपत्रांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर ज्यांनी लिहिले ते कारकून गेले, त्यांची लिपी शाळांतून गेली, ज्या राज्यव्यवस्थेसाठी ते लिहिले ती राज्यव्यवस्थाही गेली. तरीही ते वाचले जाते. मात्र लिपी शिकून अक्षरे लावणे हा वाचनाचा लहान भाग आहे. एखाद्या ताळेबंदातील रकमेपुढे घातलेल्या संक्षेपाचा अर्थ लावण्यासाठी वसुलीची पद्धत, गावचे वतन, त्या सालचा दुष्काळ हे ठाऊक असावे लागते; आणि तेही शेकडो कागद शेजारी ठेवून ताडून पाहिल्यावर उलगडते. अशा पुनर्वाचनाला वेळ लागतो, परंतु ते अशक्य नसते. आज्ञावल्यांच्या बाबतीत नाउर यांचे म्हणणे 'अशक्य' ऐवजी 'महाग' असे वाचले तर ते इतिहासाशी अधिक जुळते.

हे महाग वाचन साऱ्या जगाला एकदाच, आणि तेही एका न टळणाऱ्या तारखेच्या धाकाने करावे लागले. सालाचे शेवटचे दोनच आकडे नोंदविण्याची रीत छिद्रपत्रांवरील जागेच्या टंचाईतून आली होती. जागा मुबलक झाल्यावरही ती रीत मजकुरात राहिली, आणि २००० साल जवळ आले तेव्हा '००' म्हणजे १९०० की २००० हा प्रश्न उभा राहिला. दोन मार्ग होते. एक, सर्वत्र चार आकडे करणे. त्यासाठी प्रत्येक नोंदवहीची मांडणी बदलावी लागे. दुसरा, एक सीमारेषा ठरवून तिच्या खालचे आकडे २००० नंतरचे व वरचे १९०० नंतरचे समजणे. हा स्वस्त होता, पण कालांतराने तोही अपुरा पडणार हे उघड होते. कोणताही मार्ग पत्करला तरी आधी मजकुरात तारखा कोठे कोठे लपल्या आहेत हे शोधणे प्राप्त होते, आणि त्यासाठी संस्थांना आपल्या आज्ञावल्यांची मोजदाद प्रथमच करावी लागली. काहींना असे आढळले की चालू असलेल्या आज्ञावलीचा मूळ मजकूरच हरवला आहे, फक्त तिचे यंत्ररूप उरले आहे. या कामाचा फार मोठा भाग भारतात झाला. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्रातील मंडळींनी आज्ञावल्यांच्या यांत्रिक विश्लेषणाची साधने तयार केली होती, त्यांचे महत्त्व अशा वेळी कळते. १ जानेवारी २००० रोजी मोठा अनर्थ घडला नाही. त्यावरून भीती खोटी होती असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला, तो चुकीचा आहे. वाचन झाले होते म्हणून अनर्थ टळला.

ज्यांनी वाचन लांबणीवर टाकले त्यांचे उदाहरण म्हणून अमेरिकेच्या अंतर्गत महसूल खात्याकडे पाहता येते. व्यक्तिगत करदात्यांची 'मास्टर फाइल' १९६० नंतरच्या दशकात उभी राहिली, यंत्रभाषेला लगटून असलेल्या असेंब्लीत व कोबोलमध्ये. चुंबकीय फितींच्या त्या काळात सर्व फिती आठवड्यातून एकदा फिरवून खाती अद्ययावत करणे हीच सोयीची रीत होती. फिती गेल्या, आठवड्याचे चक्र राहिले. करदात्याच्या परताव्याची गती त्या चक्राला बांधली गेली. त्या जागी नवी प्रणाली लिहिण्याचा प्रयत्न झाला, व २००४ मध्ये तिने अगदी साध्या विवरणपत्रांपासून कामास आरंभही केला. साधी विवरणे पुढे सरकली. परंतु कठीण विवरणे, म्हणजे अपवादांचे अपवाद, यांपाशी गाडी अडली आणि २००९ मध्ये तो प्रयत्न थांबविण्यात आला. पुढच्या योजनेने अधिक माफक उद्दिष्ट ठेवले, आणि जानेवारी २०१२ पासून साप्ताहिक चक्राऐवजी दैनिक चक्र सुरू झाले. फितींच्या लयीतून सुटण्यास सुमारे अर्धे शतक लागले. जुनी फाइल त्यानंतरही पायाशी होतीच. दरम्यान करकायद्यात झालेला प्रत्येक बदल त्याच जुन्या मजकुरात घालावा लागे आणि तो घालू शकणारी माणसे दरवर्षी थोडी थोडी कमी होत. बदल न करण्याचा निर्णय हाही एक निर्णयच असतो, व त्याचे व्याज चढत जाते.

एकदम बदल करावा की टप्प्याटप्प्याने, या वादाला ग्रंथरूप १९९५ मध्ये मायकेल ब्रॉडी व मायकेल स्टोनब्रेकर यांनी दिले. त्यांचा कल निःसंशय टप्प्यांकडे होता. २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांनी याच मार्गाला एक प्रतिमा दिली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या अरण्यात त्यांनी असे वृक्ष पाहिले होते की ज्यांचे बी दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर रुजते, मुळे हळूहळू खाली उतरतात आणि शेवटी आतले झाड मरून बाहेरचा वृक्ष त्याच आकारात उभा राहतो. नवी प्रणाली अशीच जुन्याभोवती वाढवावी, असे त्यांचे सांगणे. ताडाला वेटाळून वाढलेला वड किंवा वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ पाहिलेल्या माणसाला ही प्रतिमा परकी वाटणार नाही. एक गोष्ट मात्र प्रतिमेत दडून राहते. झाडाला आतल्या झाडाचा आकार वाचावा लागत नाही, तो आपोआप घेतला जातो. आज्ञावलीच्या बाबतीत हे आपोआप होत नाही.

एकदम बदलाचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे आहे. तिच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध असल्यामुळे निर्णयाची अंतर्गत बाजूही पाहता येते. २०१३ मध्ये ही बँक लॉइड्स बँकेतून वेगळी झाली, परंतु तिचा सर्व व्यवहार लॉइड्सच्याच संगणकांवर भाड्याने चालत होता. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती विकत घेतली. साबादेलजवळ स्वतःची प्रणाली होती. तिचे ब्रिटिश रूप तयार करून त्यावर टीएसबीची खाती न्यावीत असे ठरले. लॉइड्सचे भाडे वाचणार होते आणि स्थित्यंतराच्या खर्चापोटी लॉइड्सकडून ४५ कोटी पौंडही मिळावयाचे होते. निर्णयाला कारणे होती, तो अविचारी होता असे म्हणता येत नाही. परंतु आधी तारीख ठरली आणि तिच्यापासून मागे मोजत कामाचे वेळापत्रक आखले गेले. पहिली तारीख नोव्हेंबर २०१७ ची होती. ती हुकल्यावर २०१८ च्या एप्रिलमधील २० ते २२ हे दिवस मुक्रर झाले, आणि सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती मुख्यतः एकाच झेपेत पलीकडे नेण्यात आली.

नोंदी पलीकडे गेल्या, त्या बव्हंशी नीट गेल्या. मोडली ती नवी प्रणाली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. पगार जमा झाला की नाही हे कळेना, घराचे हप्ते थकले, आणि या गोंधळाचा फायदा घेऊन ठकांनी कित्येकांचे पैसे लांबविले. कारभार पूर्वपदावर येण्यास त्या सालचा डिसेंबर उजाडला. मुख्य अधिकाऱ्याने सप्टेंबरातच पद सोडले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालातील दोन गोष्टी विशेष अर्थपूर्ण आहेत. नवी प्रणाली दोन संगणककेंद्रांवर मिळून चालावयाची होती, पण भार सोसण्याची चाचणी त्यांपैकी एकाच केंद्रावर घेतली गेली होती. दुसरी गोष्ट भाषिक स्वरूपाची आहे. प्रणाली उभारणाऱ्या कंपनीने व तिच्या पुरवठादारांनी सिद्धतेची म्हणून जी पत्रे दिली त्यांतील विधाने पुष्कळशी भविष्यकाळी होती. सारे तयार होईल असा त्यांतला सूर होता. तयार झाले आहे, तपासले आहे, असे त्यांत म्हटलेले नव्हते. संचालक मंडळाने ती भूतकाळी असल्याप्रमाणे वाचली. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला.

या प्रकरणात लॉइड्सची जुनी प्रणाली अखेरच्या दिवसापर्यंत चालत होती, हे विसरता कामा नये. 'जुनी भाषा हाच दोष' या लोकप्रिय समजाला हे उदाहरण सरळ छेद देते. उलटपक्षी, टप्प्यांचा मार्ग सर्वत्र मोकळा असतो असेही नव्हे. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय स्टेट बँकेने २००३ ते २००८ या काळात आपल्या शाखा मध्यवर्ती प्रणालीवर नेल्या, त्या गटागटाने. तेथे प्रत्येक शाखेचा संगणक व खतावणी स्वतंत्र असल्यामुळे एक शाखा हलविताना दुसरी अडत नव्हती, आणि आधीच्या शाखेत झालेली चूक पुढच्या शाखेत टाळता येत होती. टीएसबीचा मजकूर लॉइड्सच्या मजकुरात विणलेला होता. तो धाग्याधाग्याने सोडविणे अधिक अवघड होते व वेळकाढूपणाचे भाडे दरसाल भरावे लागत होते. तरीही शाखांचा किंवा खात्यांचा एखादा मोठा गट आधी पलीकडे पाठवून काही महिने वाट पाहणे अशक्य होते असे दिसत नाही.

जुन्या लेखाचे अवशेष नव्या लेखात कसे उतरतात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते भारतीय रेल्वेच्या आरक्षणात. येथे जुनी 'आज्ञावली' कागदी होती. प्रत्येक गाडीची प्रत्येक तारखेची नोंदवही एका ठिकाणी असे, आणि तीत नाव चढविणारा कारकून तिच्यासमोरच बसलेला असे. वाटेतल्या स्थानकावरील प्रवाशाला जागा द्यावयाची तर दोनच उपाय होते: वहीच्या ठिकाणी तार पाठवून उत्तराची वाट पाहणे, किंवा त्या स्थानकाला आधीच काही जागा तोडून देणे. यांतून स्थानकवार कोटे वाढले. त्याखेरीज स्त्रियांचा कोटा, मुख्यालयाचा कोटा, नाना प्रकारच्या सवलती, प्रतीक्षायादी, बसण्यापुरती जागा देणारी आरएसी, अशी नियमांची दाट वीण कारकुनांच्या डोक्यात व वहीच्या समासात तयार झाली होती.

१९८५-८६ मध्ये नवी दिल्ली येथे सीएमसी या सरकारी कंपनीने 'इम्प्रेस' ही संगणकीय आरक्षणप्रणाली उभारली, फोरट्रान भाषेत. फोरट्रान ही मुळात शास्त्रज्ञांच्या गणितांसाठी घडलेली भाषा. तीत सवलतींचे व कोट्यांचे असे जंजाळ लिहिले गेले हीच एक नवलाची गोष्ट आहे. ते शक्य झाले याचे कारण वहीचे वाचक तेव्हा हयात होते, किंबहुना खिडकीपलीकडेच बसलेले होते. आरक्षण कारकुनांना विचारून नियम उतरवून घेता आले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली, परंतु ती परस्परांशी जोडलेली नव्हती. मुंबईच्या खिडकीवरून चेन्नईहून परतीचे तिकीट काढावयाचे म्हटले की पुन्हा जुना, संदेश पाठवून वाट पाहण्याचाच मार्ग उरे. रेल्वेने १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'क्रिस' या स्वतःच्या संगणकसंस्थेने यासाठी 'कॉन्सर्ट' ही प्रणाली तयार केली. ती १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला बसली, मग एकेका केंद्रावर गेली, आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रे जोडली गेली. पाच केंद्रे वेगळी असणे ही अडचणच होती, पण स्थित्यंतराच्या काळात तीच सोय ठरली. एका केंद्रात प्रयोग करून दुसरी चालू ठेवता आली. ऑगस्ट २००२ मध्ये घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली तेव्हाही ही प्रणाली बदलली गेली नाही. तिच्याबाहेर एक नवा दरवाजा बांधण्यात आला आणि आतील खतावणी तीच राहिली.

वही एकाच ठिकाणी असण्याचे बंधन १९९९ मध्ये संपले. स्थानकवार कोटे मात्र संपले नाहीत, व दूरच्या स्थानकांची स्वतंत्र प्रतीक्षायादीही राहिली. ज्या अडचणीतून नियम जन्मला ती अडचण गेली असता नियम का राहावा? एक उत्तर असे की तोवर त्या नियमावर दुसरेच काम पडले होते. आरंभस्थानकाच्या प्रवाशांनी सर्व जागा भरून टाकू नयेत, मधल्या गावांना काही वाटा मिळावा, हे न्याय्य वाटपाचे धोरण त्या कोट्यांतून पार पडत होते. शब्दाचा मूळ अर्थ लोपून तो नव्या अर्थाने रूढ व्हावा तसे हे झाले. परंतु सगळेच अवशेष असे अर्थपूर्ण नसतात. त्यांतील काही केवळ अश्मीभूत रूपे असतात, महसूल खात्याच्या साप्ताहिक चक्रासारखी. मजकूर पाहून दोहोंतला फरक कळत नाही, दोन्ही सारख्याच ओळींत लिहिलेली असतात. तो फरक सांगू शकणारा मनुष्य म्हणजे ज्याने नियम चालविला तो, आणि १९८५ मध्ये खिडकीपलीकडे बसलेली पिढी आता निवृत्त झाली आहे.

जून २०२५ मध्ये रेल्वेने नव्या आरक्षणप्रणालीची घोषणा केली. मिनिटाला ३२ हजार तिकिटे देणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या जागी मिनिटाला दीड लाखाहून अधिक तिकिटे देणारी व्यवस्था आणण्याचे तीत सांगितले होते. वेगाचे हे उद्दिष्ट यंत्राने गाठता येण्याजोगे आहे. कोट्यांची व प्रतीक्षायाद्यांची जुनी वीण नव्या मजकुरात किती उतरवावयाची, आणि ती उतरविण्यापूर्वी कोणाला विचारावयाचे, हे काम त्याहून वेगळे आहे.